मापाचं पाणी

बाभुळगावात राहून पैसे मोजून काटे विकत आणणारा बहुधा मी एकटाच. गावाच्या नावातच बाभूळ आहे. इथे काट्याची टंचाई कधी नव्हती. आमच्या लहानपणी दर घरात काटा काढायची एक सुई असायची आणि ती चालवणारी एक तरबेज बाई. आमच्या घरी ती बाई म्हणजे आई. पाय मांडीवर ओढून घ्यायची, काटा निघाला की त्या जागेवर बिब्ब्याचा चटका द्यायची आणि आमचा ओरडा संपायच्या आत पुन्हा चुलीपुढे जाऊन बसायची.

नागपूरच्या नर्सरीतून मी पहिल्यांदा नऊ निवडुंग आणले तेव्हा शेजारचे भाऊ फाटकातच थांबले. कुंड्या मोजल्या, किंमत विचारली आणि म्हणाले, "सर, पैसे देऊन काटे काहून आनता बाप्पा? माह्या धुऱ्यावरचे फुकट घेऊन जा ना!"

सर म्हणून गावात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला अशा वेळी शिकवायचा मोह होतोच. मी त्यांना सांगू लागलो, की काटा काट्यासारखा नसतो. बाभळीचा काटा म्हणजे पानाच्या देठाशी असणारी उपपर्णं; म्हणून तो जोडीनं येतो. लिंबा-संत्र्याचा काटा म्हणजे रूप पालटलेली फांदी. आणि निवडुंगाचा काटा म्हणजे चक्क पान. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "पायात गेल्यावर सारखेच दुखतात सर," म्हणाले आणि वावराकडे निघून गेले.

मला निवडुंगाचं वेड लागलं ते मात्र विदर्भाच्या उन्हात नाही, बर्फात. मुलगी डेन्व्हरला असते. सात वर्षांपूर्वी जानेवारीत तिच्याकडे गेलो होतो. समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांच्या अंगणात हिरवळ नव्हती, खडी आणि दगडांचा एक उंचवटा होता. त्यावर अर्धवट बर्फाखाली काहीतरी पसरलेलं दिसायचं. सुरकुतलेलं, जांभळट, जमिनीला चिकटलेलं, जणू कुणी शिळ्या भाकरी वाळत घातल्यात. जवळ जाऊन पाहिलं तर फड्या निवडुंगाचीच जात. मी मुलीला म्हणालो, "यांचं झाड मेलं गं." ती हसली. जूनमध्ये तिनं त्याच उंचवट्याचा फोटो पाठवला. त्याच भाकरी टरारून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या काठावर रेशमी पिवळी फुलं होती.

निवडुंग म्हणजे वाळवंट आणि वाळवंट म्हणजे ऊन, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं होतं. वर्गात मुलांनाही तेच सांगत आलो होतो. पण निवडुंगाच्या काही जाती कॅनडातल्या उघड्या गवताळ माळांवर राहतात, जिथे हिवाळ्यात पारा उणे चाळिसाला टेकतो. त्या तग कशा धरतात ही गोष्ट मला फार आवडते. निवडुंगाची सगळी ख्याती पाणी साठवण्याची. पण थंडीची चाहूल लागली की या जाती नेमकं उलटं करतात, साठवलेलं पाणी सोडून देऊ लागतात. अंग आकसतं, सुरकुत्या पडतात, फडे जमिनीवर आडवे होतात. आत उरलेला रस साखरेनं आणि बुळबुळीत द्रव्यानं दाट होतो आणि तो सहजी गोठत नाही. बर्फ झालाच तर पेशींच्या बाहेरच्या फटींत होतो, पेशी फुटत नाहीत. मी ज्याला मरण समजलो ती हिवाळ्याची बेगमी होती. आपल्याकडे बेगमी म्हणजे भरून ठेवणं. तिथे रिकामं होणं हीच बेगमी.

त्या गृहस्थांशी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुष्कळ गप्पा झाल्या. डेन्व्हरला वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाणी पडतं, पाऊस आणि बर्फ दोन्ही धरून. कमी पाण्यात बाग करायच्या पद्धतीला 'झेरिस्केप' हे नाव तिथल्याच पाणीपुरवठा खात्यानं १९८१ साली दिलं. उणे वीस अंशांच्या रात्री त्यांच्या बागेनं कितीदा तरी पाहिल्या होत्या. मी विचारलं, थंडीनं किती झाडं गेली? ते म्हणाले, थंडीनं जवळजवळ एकही नाही, गेली ती सगळी ओलीनं. वितळलेलं बर्फ मुळाशी साचून राहिलं की झाड गेलंच. म्हणून तो उंचवटा, म्हणून ती खडी, म्हणून हिवाळ्यात काही झाडांवर काचेचं तावदान. ते तावदान ऊब देण्यासाठी नव्हतं, कोरडं ठेवण्यासाठी होतं.

निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, एक फडा बॅगेत टाकून न्या, कोण बघतंय?" मी नको म्हणालो. एक तर निवडुंगाचं जवळजवळ अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' करारात नोंदलेलं आहे, आणि रोपं देशात आणायची तर परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. दुसरं म्हणजे निवडुंग आणि त्याच्यावरचा किडा समुद्रापार नेण्याची हौस आपल्याकडे पूर्वी एकदा झालेली आहे. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून उंची लाल रंग मिळायचा आणि त्यावर स्पेनची मक्तेदारी होती. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हिंदुस्थानात पिकवायचा होता. मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाच्या बागाच लावल्या. १७९५ साली ब्राझीलहून किडे आले, पण ते भलत्याच जातीचे निघाले. रंग निकृष्ट, भूक मात्र जबर. कंपनीला रंग मिळाला नाही आणि ज्या जातीवर ते सोडले तिचा पुढे त्यांनी फडशा पाडला. मूळ अमेरिकेतला निवडुंग मात्र दुसऱ्या जातींच्या रूपानं इथे इतका रुळला, की आज भाऊंना तो त्यांच्या आजोबांच्या धुऱ्याइतकाच जुना वाटतो.

धुऱ्यावरचा तो फड्या निवडुंग आम्ही पोरांनी वेगळ्याच कारणानं ओळखला. त्याची लालजांभळी बोंडं काडीनं तोडायची, मातीत घोळून बारीक कुसं काढायची आणि खायची. तोंड लालभडक व्हायचं. घरी चोरी लपायची नाही आणि जिभेवरचं कुस दोन दिवस जायचं नाही. त्याच धुऱ्यावर शेर असायचा. त्याची काडी मोडली की पांढरा चीक यायचा आणि तो डोळ्यात गेला तर आंधळा होशील म्हणून दम मिळायचा. पुढे कळलं की ओळखायची खूण तीच. चीक आला की तो शेर-थोराच्या कुळातला, आपल्याकडचा आणि आफ्रिकेतला. निवडुंगाला पांढरा चीक सहसा नसतो, पण काटे जिथून निघतात तिथे लोकरीसारखी बारीक गादी असते. त्रिधारी निवडुंग आपण म्हणतो खरं, पण तो निवडुंग नव्हेच, शेराचा सख्खा. वेगळे खंड, वेगळी कुळं, आणि पाण्याची ओढ सारखी म्हणून रूपही सारखंच झालेलं.

तर परदेशातून फडा आणला नाही, वेड मात्र आणलं. आल्या आल्या नागपूर गाठलं आणि नऊ कुंड्या घेऊन आलो. कुणी गोल, कुणी दंडगोल, कुणी म्हाताऱ्याच्या दाढीसारखा पांढऱ्या केसांचा. थंडीची चिंता नव्हती. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहापर्यंत उतरतो तेव्हा आम्ही शेकोट्या पेटवतो, पण डेन्व्हरच्या निवडुंगाला ती वसंतातली झुळूक वाटेल. मे महिन्याच्या पंचेचाळिसाला मात्र मी घाबरून होतो. दुपारच्या उन्हात हिरवं कापड बांधलं, तेवढ्यानं निभावलं. नऊच्या नऊ कुंड्यांनी उन्हाळा पार केला आणि मी गावभर शेखी मिरवली.

मग मृग लागला.

आमची माती काळी. नुसती काळी नाही, जीव असल्यासारखी. उन्हाळ्यात आकसून अशी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. पहिल्या पावसात फुगते, भेगा मिटवून घेते आणि मग पाण्याचा थेंब सोडत नाही. पाऊस जाऊन दोन महिने झाले तरी पऱ्हाटी त्या ओलीवर उभी असते, हरभरा त्या ओलीवर निघतो. बेंबळ्याचं धरण आणि कालवे आमच्या तालुक्यात परवा आले. त्याआधी पिढ्यानुपिढ्या हीच माती आमचं धरण होती. एवढी माया दुसऱ्या कुठल्या मातीत नसेल. म्हणून मीही मोठ्या अभिमानानं नर्सरीतली फुसकी माती झटकून नऊही कुंड्यांत आमच्या वावरातली भरली होती.

ऑगस्टात एका सकाळी पांढऱ्या केसांचा तो म्हातारा थोडा कललेला दिसला. वरून रंगरूप छान, काटे टवटवीत. सरळ करावा म्हणून बुडाशी बोट टेकवलं तर बोट आत गेलं. पिकलेल्या पपईत जावं तसं. काढलं तेव्हा खळगा तसाच राहिला. एकेक करून नऊही दाबून पाहिले. सहा गेले होते. उभेच्या उभे, हिरवेच्या हिरवे, बुडाशी सडून.

दोष मी मातीला दिला आणि तो खराही होता. पण अर्धाच. सप्टेंबरात उघडीप पडली, उरलेल्या तिघांना खडीत हलवलं, पाणी पूर्ण तोडलं, तरी कुंड्यांची माती दर सकाळी ओली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छपरीत बसून पाळत ठेवली. दिवेलागणीला आई तुळशीला पाणी घालून वळली, तांब्यात उरलेलं पाणी तिन्ही निवडुंगांना सारखं वाटून दिलं आणि पदराला हात पुसत आत गेली.

मी मागोमाग गेलो. वाळवंट, मुळं, सडणं, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तू त्याहिले पानी देत नाहीस म्हून ते असे वाळलेले दिसतात. दारातल्याले पानी नाई म्हनू नाई, बापू."

यावर काय बोलणार? आमच्या घरावरून धामणगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही, ओळखीचा असो-नसो, आईनं पाण्यावाचून पुढे जाऊ दिलेलं नाही. १९७२च्या दुष्काळात विहीर तळाला गेली होती तेव्हाही दारातला माठ तिनं हलवला नाही. पाणी देणं म्हणजेच माणूसपण, असं मानणाऱ्या बाईला मी पाणी न देण्याचं शास्त्र शिकवायला निघालो होतो. तिची माया आमच्या मातीसारखीच होती, धरून ठेवणारी आणि थेंब न सोडणारी. त्या मायेत पऱ्हाटी पिकते, हरभरा पिकतो, आम्ही चार भावंडं पिकलो. निवडुंग सडतो.

तोड मलाच काढावी लागली. निवडुंगांसाठी छपरीच्या कडेला बांबूवर पारदर्शक पत्रा टाकला, डेन्व्हरच्या तावदानाची बाभुळगावी आवृत्ती. माती बदलली. जाड रेती, चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि चवीपुरतं जुनं शेणखत, असं की वरून पाणी ओतलं तर चहा गाळायच्या आत खालून यावं. आणि आईला तिची स्वतःची एक कुंडी दिली. ब्रह्मकमळाची.

ती खूश झाली. ब्रह्मदेवाचं फूल ते. दर पावसाळ्यात एखाद्या रात्री उमलतं, शेजारपाजार दर्शनाला येतो, हळदीकुंकू होतं, पहाटे ते मान टाकतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही, की खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होतं आणि ते वेगळंच झाड. आपल्या महाराष्ट्रात घरोघरी ज्याची पूजा होते तो मेक्सिकोकडचा निवडुंग आहे. काटे नाहीत एवढंच. तिथल्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा, त्यामुळे पाण्याला न भिणारा. पानं म्हणतो ती पानं नसून चपटी खोडं आहेत. आईच्या मायेला पुरून उरेल असा निवडुंग कुळात हा एकच मला सापडला. तेव्हापासून ती तांब्यातलं उरलेलं पाणी त्यालाच देत आली.

झाडांनी पाणी वाचवायची एक युक्ती आहे, तीही मला आमच्या छपरीतच चाखायला मिळाली. झाडाला हवा आत घ्यायची तर पानाची छिद्रं उघडावी लागतात, आणि उघडली की आतलं पाणी उडतं. म्हणून निवडुंग आणि त्याच्यासारखी मांसल झाडं दिवसभर तोंड मिटून बसतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न करतात. हे जिभेला कळतं, ही गंमत. बेंजामिन हाइन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता. त्यानं १८१३ साली एका पत्रात कळवलं, की एका झाडाचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. ते झाड म्हणजे आपली पानफुटी. आईनं ती मुतखड्यावर औषध म्हणून न्हाणीमागे कधीची लावली होती. एका पहाटे मी पान तोडून चावलं. चुक्याच्या भाजीसारखं आंबट. दुपारी चार वाजता शेजारचंच पान चावलं तर नुसतं पाणचट गवत. आईलाही दोन्ही वेळा चाखवलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "रातच्यानं सारं आंबतेच. पीठ नाई आंबत?"

गेल्या फेब्रुवारीत तिला धाप लागू लागली. उशीवर उशी ठेवून बसल्याबसल्या झोपायची. एका सकाळी जोडवी रुतताहेत म्हणाली म्हणून पाय पाहिले. घोट्यावर बोट दाबलं आणि उचललं. खळगा तसाच राहिला.

मी बराच वेळ त्या खळग्याकडे पाहत होतो.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय. गोळ्या चालतीलच, पण मीठ कमी आणि पाणी दिवसाला एक लिटर, त्याच्यावर नाही. चहा, ताक, वरणाचं पाणी, सगळं त्यातच मोजायचं. हे फेब्रुवारीचं झालं. पुढे मार्च होता, एप्रिल होता, मे होता.

स्टीलची लिटरची बाटली आणली. सकाळी भरून तिच्या खाटेशी ठेवायची आणि चहा-ताकाचं माप त्यातून वजा करायचं. हे काम मी बायकोला दिलं नाही, आपल्याच अंगावर घेतलं. मला वाटलं होतं मला ते जमेल. सात वर्षं पाणी तोडण्याचाच अभ्यास केला होता. तहानेलेलं दिसतं म्हणून पाणी द्यायचं नसतं, आधी मूळ पाहायचं, हे मी चारचौघांना समजावून सांगत होतो. पण निवडुंग मागत नाही. आई मागायची. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, कूलर घरघरत असताना, कोरड्या ओठांनी माझ्याकडे पाहून म्हणायची, "घोटभर दे ना बापू." मी बाटली हलवून आवाजावरून अंदाज घ्यायचो आणि म्हणायचो, "आता चार वाजता." इलायचीचा दाणा द्यायचो, लिंबाची फोड द्यायचो. ती तो दाणा चघळत छताकडे बघत पडायची. ज्या बाईनं वाटसरूला कधी चार वाजेपर्यंत थांब म्हटलं नाही, तिला मी रोज म्हणत होतो.

एकदा रागानं म्हणाली, "तुया त्या काट्याइत अन् माह्यात फरक नाई ठेवला तू."

खरंच होतं. पण तिला कसं सांगू, की काट्यांना मी पाणी देत नव्हतो, ते जगावेत म्हणूनच. सांगितलं नाही. ही वाक्यं कुंडीपुढे शोभतात, खाटेपुढे शोभत नाहीत.

पंधरा दिवसांत पायाची सूज उतरली. पाय बारीक झाले, कातडीला सुरकुत्या पडल्या, जोडवी सैल फिरू लागली. येणारे-जाणारे म्हणायचे, माय फार वाळली. मला बर्फाखालच्या त्या भाकरी आठवायच्या आणि धीर यायचा. ती आडवी झोपू लागली होती. धाप नव्हती.

मेच्या रात्री आम्ही तिची खाट छपरीत टाकतो, कुंड्यांच्या शेजारी. तहान तिला रात्रीच जास्त लागते. म्हणून ती दिवसाच्या मापातलं थोडं राखून ठेवते, हे मला माहीत आहे. मध्यरात्री बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज येतो, एक घोट, थोडं थांबून दुसरा. अंधारात पत्र्याखाली माझे निवडुंगही त्याच वेळी तोंडं उघडून बसलेले असतात.

परवा तो आवाज आला, घोटही ऐकू आले. मग खाट करकरली, चार पावलं सरपटत गेली आणि मातीवर पाणी पडल्याचा हलका आवाज झाला. दोन घोटांचा असेल, जास्त नाही. पुन्हा खाट करकरली. मी डोळे मिटून पडून राहिलो.

सकाळी उठून आधी निवडुंगांच्या कुंड्या पाहिल्या. सगळ्या कोरड्या ठक्क. मग ब्रह्मकमळाच्या कुंडीत बोट घातलं. ओल होती. त्या कुंडीला ओल चालते.